बावीस खिडक्या आणि सावकाशमामा

९ नोव्हेंबर १९८३. रक्कम ४२.५०. मी आयुष्यात लिहिलेले हे पहिले बिल. हस्ताक्षर माझे असले तरी बिल माझे नव्हते. ते आमच्या घराचे काम करणाऱ्या सुताराचे होते.

त्यांना सगळी वसाहत सावकाशमामा म्हणत असे. कामाला किती दिवस लागतील असे विचारले की ते कानामागची पेन्सिल काढत, लाकडाकडे बघत, पेन्सिल पुन्हा कानामागे खोचत आणि म्हणत, "सावकाश होईल." दिवसांचा आकडा त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकला नाही. आमच्या जिन्याचा कठडा त्यांनी करायला घेतला तेव्हा माझ्या ताईसाठी स्थळे पाहायला नुकती सुरुवात झाली होती. आई म्हणायची, "पोरगी सासरी जाईल, पण हा कठडा काही उभा राहायचा नाही." ताईचे लग्न झाले त्या दिवशी पाहुणे तो कठडा धरूनच वर गेले. फक्त त्यावरचे पॉलिश ओले होते, आणि दोन पाहुण्यांच्या बाह्या तपकिरी झाल्या.

आमचे घर १९११ सालचे. शहरातली ट्राम पहिल्यांदा ओढ्यापलीकडे आली, तेव्हा तिच्या शेवटच्या थांब्याजवळ कचेऱ्यांतल्या नोकरदारांसाठी एका साच्याची बारा घरे बांधली गेली. त्यांतले हे सातवे. आजोबांनी ते १९३६ साली विकत घेतले. खाली चार खोल्या, वर तीन, पुढे व्हरांडा, आणि रस्त्याच्या बाजूला एक चिंचोळी खोली. तिला आम्ही ऑफिस म्हणत असू, पण इस्त्री करण्यापलीकडे त्या ऑफिसात कधी काही कामकाज झाले नाही. घराला खिडक्या बावीस. प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर रंगीत काचांची हातभर पट्टी: हिरवी, पिवळी, हिरवी. सकाळी नऊच्या सुमारास हा रंग जमिनीवर उतरतो आणि साडेदहापर्यंत भिंतीशी जाऊन संपतो. लहानपणी आम्ही शाळेची वेळ त्यावरून ओळखत असू.

घर वडील आणि थोरले काका यांच्या सामाईक मालकीचे होते. काका दुसऱ्या शहरात राहत. दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा ठरलेला होता, पण काकांना पक्के बिल लागे. ते म्हणत, "तोंडी हिशेब म्हणजे पाण्यावरची रेघ." आता मामांना आकडे यायचे, मापे यायची, कागदावर एका दमात खिडकी काढता यायची, पण अक्षराशी त्यांचे कधी जमले नाही. मी तेव्हा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होतो आणि नवीन शिकलेल्या माणसाला असते तेवढी खाज मला होती. मी बाजारातून छापील बिलबुक आणले. तपशील, नग, दर, रक्कम असे चार रकाने.

"हां मामा, सांगा. काय काम केलंत?"

"जेवणघराची डावी खिडकी. खालची पट्टी कुजली होती. वीतभर काढली, वीतभर बसवली."

मी लिहिले: खिडकी बदलणे, नग १.

"काय लिहिलंस?"

"खिडकी बदलली."

"अरे धाकट्या, मी वीतभर बदलली. खिडकी तिथंच आहे की. डोळे फुटले का तुझे?"

"मामा, नगाच्या रकान्यात वीतभर लिहीत नाहीत. तिथं पूर्ण आकडा लागतो."

"मग तुझा रकाना चुकलाय," मामा म्हणाले आणि त्यांनी अंगठा पुढे केला.

तो अंगठा मी शाईत बुडवून बिलावर उमटवला. काकांकडून आठवड्यात निम्मे पैसे आले. त्यानंतर छत्तीस वर्षे मी मामांची बिले लिहिली, त्याच चार रकान्यांत. पुढे मी एका घाऊक कागद व्यापाऱ्याकडे नोकरीला लागलो, त्याच पेढीवर मुख्य हिशेबनीस झालो, लग्न झाले, शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला. पण घराचे काम निघाले की रविवारी जाऊन बिल लिहिणे आणि त्याची प्रत फाइलला लावणे मी चुकवले नाही. मला त्या फाइलीचा अभिमान होता. तिची घडी बघून आमच्या पेढीचे ऑडिटरसुद्धा खूश झाले असते.

मामांची कामाची पद्धत मी वर्षानुवर्षे पाहिली, म्हणजे पाहिली असे मला वाटत होते. ते टेप वापरत नसत. त्यांच्याकडे गाठी मारलेली एक दोरी होती, आणि कुठली गाठ कुठल्या खोलीची हे त्यांनाच ठाऊक. चष्म्याची एक काडी मोडल्यावर त्यांनी तिथे लाकडाची बसवली, आणि ती मूळ काडीपेक्षा जास्त टिकली. जेवण मागच्या पायरीवर. जेवल्यावर दहा मिनिटे ते नुसते बसत, हात मांडीवर उपडे ठेवून. आई विचारायची, "आत या की, पंख्याखाली बसा." ते म्हणायचे, "आत बसलो की घर बरं दिसतं. बाहेरून बघितलं की कामं दिसतात."

एकदा वडील कंटाळले. दर वर्षी कुठली तरी खिडकी अडायची, कुठल्या तरी चौकटीत पाणी मुरायचे. शेजारच्या सहाव्या घराने सगळ्या खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या बसवल्या होत्या.

"आपणही बसवून टाकू," वडील म्हणाले. "एकदाच काय तो खर्च. कटकट मिटेल."

"बसवू की," मामा म्हणाले. "माझ्या ओळखीचा माणूस आहे, स्वस्तात करेल. पण साहेब, मग माझ्या हत्यारांची पेटी तुमच्या जिन्याखालून मी घेऊन जातो."

"का? रागावलात?"

"राग कसला? डॉक्टर पेशंटच नसलेल्या घरी कशाला ठेवतो पेटी?"

वडील हसले आणि विषय तिथेच संपला. पेटी जिन्याखाली राहिली. पुढे बाराव्या घरापासून सुरुवात होऊन एकेक घर पडत गेले आणि त्यांच्या जागी इमारती आल्या. आई-वडील गेले, काका गेले. ताई नर्स होती. यजमान लवकर गेल्यावर ती परत आली आणि नोकरी संपल्यावरही याच घरात राहिली. २०१९ च्या शेवटी मामांच्या डोळ्यांनी दगा दिला. त्यांची मुलगी येऊन पेटी घेऊन गेली. त्या दिवशी मी शेवटचे बिल लिहिले.

*

खरी गोष्ट सुरू होते गेल्या वर्षी. काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, याचा फोन आला. एका बिल्डरने जागेला मोठी रक्कम देऊ केली होती.

"हे बघ," तो म्हणाला, "मी काही वाईट माणूस नाही. पण माझी दोन मुलं आहेत, आणि त्या घराचा मला उपयोग काय? वर्षातून एकदा निम्मं बिल भरणं."

"ताई कुठं जाईल?"

"तिला निम्म्यातला वाटा मिळेलच की. चांगला फ्लॅट येईल."

ताईला फ्लॅट नको होता. तिने एकाच वाक्यात सांगितले, "सदुसष्टाव्या वर्षी मला नव्या घरात दिव्याची बटणं शोधत फिरायचं नाही." पण कायद्याने तिच्या इच्छेला किंमत नव्हती. चुलतभावाला हिस्सा मोडून हवा होता, आणि त्याचा निम्मा हिस्सा विकत घेण्याइतके पैसे आमच्यापाशी नव्हते. बिल्डरने लावलेल्या दराने तर आम्हा दोघांना मिळून सात जन्मांतही ते जमले नसते.

शेवटी मीच सुचवले. नगरपालिकेत जुन्या वास्तूंच्या संरक्षणाचा विभाग आहे. बारांपैकी हे एकच घर मूळ रूपात उभे आहे, तर त्याची नोंद होऊ शकते. नोंद झाली की घर पाडता येत नाही. मग बिल्डरही येणार नाही. चुलतभावाने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ठीक आहे. एकदाच अर्ज कर. त्यांनी घराला किंमत आहे असं म्हटलं, तर मी विक्रीचं नाव काढणार नाही. नाही म्हणाले, तर तू आणि ताई मुकाट्याने सही करायची." मी कबूल केले. ताईनेही केले, पण जेवली नाही.

तपासणीसाठी एक बाई आल्या. वय पस्तिशीचे, खांद्याला मोठी पिशवी, पायात बूट, बोलणे मोजके. त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मला आजवर कोणी सांगितले नव्हते. त्या म्हणाल्या, "राजवाडे सांभाळायला सगळे येतात. पण ट्रामने कचेरीत जाणारा माणूस शंभर वर्षांपूर्वी कसा राहायचा, हे असल्या घरांवरून कळतं. ही खोली कशाला आहे माहितीय?" आणि त्यांनी आमच्या इस्त्रीच्या ऑफिसाकडे बोट केले. "घरी आलेल्या पाहुण्याला बायकांच्या घरात न नेता बसवता यावं, म्हणून. खेड्यातल्या घरात अशी खोली नसायची, शहरातल्या खोल्यांत एवढी जागा नसायची. ही उपनगरातच सुरू झाली." लग्न होईपर्यंत मी त्या खोलीत पँटला इस्त्री केली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

त्यांच्याकडे शंभर गुणांचा तक्ता होता. नोंदीला साठ लागत. जागेचा इतिहास, आराखडा, दर्शनी भाग, फरशी, जिना, आणि खिडक्यांना पंधरा. नियम असा की लाकूड मूळचे असेल तर गुण. नवे बसवले असेल तर नाही.

आणि मी अत्यंत नम्रपणे, मनातल्या मनात छाती फुगवून, त्यांच्या हातात फाइल ठेवली. छत्तीस वर्षांची बिले, वर्षवार, अनुक्रमणिकेसह. म्हटले, "घराची काळजी कशी घेतली आहे ते यावरून दिसेल."

त्या फाइल घेऊन गेल्या. पंधरा दिवसांनी कागद आला. एकूण गुण बावन्न. खिडक्या: शून्य. शेरा असा होता: मालकांनी सादर केलेल्या बिलांनुसार १९८३ ते २०१९ या काळात एकसष्ट खिडक्या बदलल्या आहेत. घरातील एकूण खिडक्या बावीस. मूळ लाकूड शिल्लक असण्याची शक्यता नाही. हरकत असल्यास एकवीस दिवसांत पुराव्यासह कळवावे.

मी तो कागद ताईच्या समोर वाचला. तिने तो माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाली, "बावीस खिडक्यांत एकसष्ट बदलल्यास? मला वाटायचं तू हिशेबात हुशार आहेस."

"ताई, नगाच्या रकान्यात..."

"आग लाव तुझ्या रकान्याला. बाकीच्यांची घरं बिल्डरनं पाडली. आमचं घर आमच्याच शहाण्यानं, व्यवस्थित फाइल लावून पाडलं."

मला तोंड वर करून बघवेना. मी त्या बाईंना फोन करून सगळी हकिगत सांगितली: वीतभर पट्टी, चार रकाने, पूर्णांक. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाल्या, "मी समजू शकते. पण मी काय लिहू? बिलं तुम्हीच लिहिलेली, आणि ती चुकीची आहेत असं सांगणारेही तुम्हीच. कारागीर हयात आहेत का?"

*

मामा मुलीकडे राहत होते. गाव ओलांडून, दोन बस बदलून मी गेलो. दाराशी खुर्ची टाकून ते बसले होते. अठ्ठ्याहत्तरी गाठलेली, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याने फक्त उजेड कळे. पण माझा पाय पायरीवर पडताच म्हणाले, "कोण, धाकट्या? टाचा घासत चालायची खोड गेली नाही अजून."

मी खाली मान घालून सगळे सांगितले. एकसष्टचा आकडा ऐकून ते इतके हसले की आतून मुलगी पाणी घेऊन धावत आली.

"एकसष्ट! अगं ऐक, मी एकसष्ट खिडक्या केल्या म्हणे. एवढ्या केल्या असत्या तर आज माझाच बंगला असता."

"मामा, हसू नका. ताईचं घर जातंय."

हसू थांबले. त्यांनी हात मांडीवर उपडे ठेवले, पूर्वी मागच्या पायरीवर ठेवत तसे. "मोठी काय म्हणते?"

"माझ्याशी बोलत नाही."

"बरोबर आहे तिचं." मग म्हणाले, "त्या बाईंना बोलाव. आणि मला न्यायला ये. पायऱ्या चढताना धरावं लागेल. आणि गडबड करायची नाही, सांगून ठेवतो."

ठरल्या दिवशी मी त्यांना घेऊन आलो. ताई फाटकातच उभी होती. मामांनी तिचा हात चाचपला. "काय गं मोठे, वाळलीस."

"तुम्ही काय फार बाळसं धरलंय?" ताई म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत चहा करायला आत निघून गेली.

बाई आल्या. मामा जेवणघराच्या डाव्या खिडकीपाशी गेले, माझ्या पहिल्या बिलातल्या. दोन्ही तळहात चौकटीवर ठेवले आणि वरून खाली हळूहळू आणले. "हे जुनं. हे जुनं. हे जुनं. हे माझं. इथून इथपर्यंत."

बाई थोड्या अवघडल्या. "काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण वर सात थर रंग आहे. कारागिराने हात फिरवून सांगितलं, असं मी अहवालात कसं लिहू?"

"लिहू नका," मामा म्हणाले. "खरवडा. इथं, माझं बोट आहे तिथं. अंगठ्याएवढंच. दोन खुंट्या निघतील."

बाईंनी पिशवीतून पातळ पाते काढले आणि रंग खरवडला. पांढरा, मग निळसर, मग पुन्हा पांढरा. खाली लाकूड दिसले. लाकडात आगपेटीच्या काडीएवढ्या दोन खुंट्या, शेजारी शेजारी, आणि त्यांच्याजवळून तिरका जाणारा केसाएवढा सांधा. सांध्याच्या एका बाजूचे लाकूड गडद आणि दाट, दुसऱ्या बाजूचे जरा उजळ.

"ज्यानं घर बांधलं त्याची खुंटी एक, आणि जाड," मामांनी सांगितले. "माझ्या दोन, आणि बारीक. जिथं जिथं मी नवा तुकडा घातला तिथं तिथं दोन."

"का पण?" बाईंनी विचारले.

"पुढच्या सुताराला कळायला नको? कधी ना कधी माझा तुकडाही कुजणार. त्यानं तेवढाच काढावा. खुणा नसत्या तर तो सगळी चौकट फोडत बसला असता, आणि शंभर वर्षांचं लाकूड सरपणात गेलं असतं."

मी तिथे उभा होतो. छत्तीस वर्षे मी या माणसाच्या कामाचा हिशेब लिहिला, आणि त्याने स्वतःचा हिशेब माझ्यापेक्षा कितीतरी चोख, लाकडातच लिहून ठेवला होता. त्यात वीतभराला वीतभरच लिहिले होते. ताई कपबशा घेऊन दारात आली होती. ती म्हणाली, "अगंबाई, त्या काड्या! दुपारी पायरीवर बसून तासत असायचे. मला वाटायचं, दात कोरायला करताहेत."

काम दोन दिवस चालले. मामा हात फिरवत, बोट ठेवत. बाई खरवडत, मापे घेत, प्रत्येक खिडकीचे चित्र काढून जुन्या भागाला पट्टे मारत. मी शिडी धरत होतो. याहून महत्त्वाचे काम मला कोणी दिले नाही, आणि ते योग्यच होते. नऊ खिडक्या झाल्यावर बाईंनी मामांना "काका" म्हणणे सोडून "गुरुजी" म्हणायला सुरुवात केली. मामा म्हणाले, "गुरुजी नको, मला वाचता येत नाही." त्या म्हणाल्या, "मला इथं काय वाचायचं ते तुमच्याकडूनच कळतंय."

चौदाव्या खिडकीशी, म्हणजे वरच्या मागच्या खोलीत, मामा थबकले. हात पुन्हा फिरवला. चेहरा आंबट झाला.

"हे कोणी केलं?"

"काय?"

"इथं खिळा मारलाय. खिळा! चौकटीत! कोण आला होता?"

मला आठवेना. ताईलाच आठवले. १९९२ साली मामांना टायफॉईड झाला होता आणि वडिलांनी घाईत दुसऱ्या कोणाला तरी बोलावले होते.

"मला सांगितलं नाहीत."

"मामा, तुम्ही हॉस्पिटलात होतात. मीच तुम्हाला सलाइन लावत होते," ताई म्हणाली.

"तरी सांगायचं. मी सावकाश बरा झालो असतो, पण सांगायचं."

त्या दुपारचा चहा त्यांनी घेतला नाही. एकतीस वर्षांपूर्वीच्या खिळ्यासाठी रुसलेला माणूस मी प्रथमच पाहत होतो. शेवटी ताईने दोन बिस्किटे बशीत ठेवून बशी त्यांच्या हातात दिली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसाच्या खोलीत आलो. रस्त्याकडच्या त्या दोन खिडक्या घरात सर्वांत देखण्या. बाई म्हणाल्या, "या तर नक्की मूळच्या." मी मान डोलावली. मामांनी हात फिरवला आणि म्हणाले, "नाही. या दोन्ही पूर्ण माझ्या आहेत. जुन्यांना वाळवी लागली होती. खाली बघा, दोन-दोन खुंट्या चारी कोपऱ्यांत."

आम्हाला एकेक गुण हवा होता. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, "मामा, त्यांना त्या जुन्याच वाटताहेत. राहू द्या ना."

मामांनी आवाज मुळीच खाली आणला नाही. "म्हणजे माझं काम दुसऱ्याच्या नावावर खपवू? धाकट्या, आयुष्यात सबंध खिडक्या मी इथं दोनच केल्या. नग दोन. हे एकच बिल तू बरोबर लिहिलं होतंस, आणि तेच आता खोडतोस?"

बाईंनी वहीत काही लिहिले आणि वर न बघता म्हणाल्या, "हे सांगितलंत म्हणून बाकीच्या वीस खिडक्यांबद्दल मला आता शंका उरली नाही."

एकविसावा दिवस संपायच्या आदल्या दिवशी मी हरकत दाखल केली. या वेळी सोबत एकही बिल जोडले नाही. बावीस चित्रे, आणि मामांचा जबाब, खाली अंगठा. पुढचा दीड महिना आम्ही कसा काढला ते आमचे आम्हाला ठाऊक. ताईने भांड्यांचे कपाट दोनदा रिकामे केले आणि दोनदा लावले. मी पेढीवर एका बेरजेत चूक केली, सदतीस वर्षांत पहिली, आणि मालकांनी मला रजा घ्यायला सांगितले.

मग कागद आला. वीस खिडक्यांत मूळ लाकूड सरासरी पंच्याऐंशी टक्के. खिडक्यांना पंधरापैकी बारा. एकूण चौसष्ट. वास्तू नोंदीस पात्र. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होते, ते मी पाठ केले आहे: "दुरुस्तीची पद्धत हीदेखील या वास्तूच्या मूल्याचा भाग मानण्यात यावी."

मी चुलतभावाला फोन केला. कागद वाचून दाखवला. मग तो म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानं मला चांगलंच गाळात घातलं. ठीक आहे, शब्द तो शब्द. बाबांना बरं वाटलं असतं." फोन ठेवता ठेवता म्हणाला, "निम्मं बिल पाठवत जा. आणि हे बघ, नग जरा नीट लिही."

ताई आता माझ्याशी बोलते. किंबहुना पूर्वीपेक्षा जास्त बोलते, आणि त्यातले निम्मे माझ्या रकान्यांबद्दल असते. मी ऐकून घेतो. सकाळी गेलो तर नऊच्या सुमारास ती खुर्ची घेऊन जेवणघरात बसलेली असते आणि हिरवा-पिवळा उजेड तिच्या पावलांवर असतो. हे मला बघायला मिळते ते एका माणसाच्या सावकाशपणामुळे. मी नोकरीत अनेकांना बढत्या मिळालेल्या पाहिल्या, सत्कार पाहिले, भाषणे ऐकली. पण कुणी बघणार नाही अशा जागी, आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसाची सोय बघून रोज काम करणारा मी एकच पाहिला. त्याची ओळख पटायला मला चाळीस वर्षे लागली, हा दोष माझा. ओळख पटली तेव्हा तो समोर होता, हे माझे नशीब.

गेल्या महिन्यात नगरपालिकेने फाटकावर लावायला पितळी पाटी दिली. त्यांचा माणूस मशीन घेऊन येणार होता. मामांनी मुलीच्या फोनवरून निरोप धाडला, "फाटकाच्या खांबाला मशीन लावू देऊ नका, जुनं लाकूड आहे, तडकेल." ते स्वतः आले. भोके हाताने पाडली. पाटी सरळ आहे की नाही ते बोटांनी बघितले, आणि आम्हा डोळसांना वाकडी वाटत होती ती त्यांचीच बरोबर निघाली. मजुरी विचारली तर हात झटकला. "मजुरी नको. पण स्क्रू मी दुकानातून आणलेत. चार पितळी, बाराला एक. मालाचे पैसे मी सोडत नाही."

माझ्याकडे पाचशेची नोट होती. त्यांच्याकडे सुटे नव्हते. चार स्क्रूचे अठ्ठेचाळीस मी सावकाशमामांना देणे लागतो.